चेटकीण, राक्षस आणि हिरवा उजेड: जुन्या धाटणीचं भीतीदायक बालनाट्य मंडपात कसं उभं करावं?

निंबोणी

गणेशोत्सवात सोसायटीतल्या मुलांसाठी ३५-४० मिनिटांचं बालनाट्य बसवायचं ठरलं आहे. समितीतल्या चाळिशी-पन्नाशीच्या सगळ्यांची मागणी एकच आहे: चेटकीण पाहिजे, आणि ती खरोखर भीती वाटेल अशी पाहिजे. हल्ली मुलांच्या कार्यक्रमात राक्षससुद्धा गोंडस असतो, आल्या आल्या नाचायला लागतो. आपल्या वेळच्या नाटकांत चेटकिणीची नुसती सावली आली तरी पुढच्या रांगेतली पोरं पाय वर घेऊन बसायची. तो हिरवा उजेड, ते हसणं, तो काळोख आजच्या मुलांनाही मिळावा असं मनापासून वाटतं.

स्टेज २० फूट बाय १२ फूट, उंची ३ फूट. मंडप तीन बाजूंनी उघडा. समोर सतरंजीवर ८०-१०० मुलं, वय ३ ते १२, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. सामान म्हणजे रंग बदलणारे ४ एलईडी पार लाइट (स्टेजवरचे डब्यासारखे झोताचे दिवे), २ कॉर्डलेस माइक आणि नेहमीचे स्पीकर. एलईडी वॉल भाड्याने आणून त्यावर ग्राफिक्स दाखवावं असं काहींचं म्हणणं आहे, पण ते टाळायचं आहे.

विचारायचं ते असं: सावली मोठी होत जाते ते नेमकं कसं करतात? म्हातारीची चेटकीण प्रेक्षकांसमोर, पडदा न पाडता करता येईल का? धूर कशाचा? आणि ३ वर्षांची मुलं समोर असताना किती घाबरवायचं?

काळापडदा

एलईडी वॉल टाळताय हे उत्तम. वॉलचा स्वतःचाच उजेड इतका असतो की स्टेजवर काळोख उरतच नाही, आणि काळोख नसेल तर या नाटकातलं काहीच चालत नाही.

सावलीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक तीच आहे आणि ती फसतेही फार.

पडद्याला साधा पांढरा मांजरपाट घ्या. सॅटिन किंवा पॉलिस्टर नको, त्यावर दिव्याचा झगझगीत गोळा दिसतो. पन्हा अपुरा पडला तर जोड आडवा न घेता उभा घ्या आणि तो मधोमध येऊ देऊ नका, नाहीतर चेटकिणीच्या चेहऱ्यावरून शिवण जाते. खालच्या कडेला नेफा शिवून त्यात पीव्हीसी पाइप घाला म्हणजे कापड ताणून राहील. थोडं दमट असतानाच इस्त्री करा. पडदा स्टेजच्या पुढच्या कडेपासून ३ फूट आत लावा, म्हणजे पुढे दोन-तीन पात्रांना उभं राहायला जागा राहते. पडद्यापासून ८ फूट मागे, अगदी जमिनीवर, दिवा.

आता हिशोब. सावली किती पट मोठी होणार हे 'दिवा ते पडदा' भागिले 'दिवा ते माणूस' असं ठरतं. दिवा ८ फुटांवर आणि माणूस दिव्यापासून ४ फुटांवर असेल तर सावली दुप्पट. तोच माणूस २ फुटांवर आला की चौपट, म्हणजे ७ इंचांचा पंजा २८ इंचांचा दिसतो. याचा अर्थ चेटकिणीने पडद्यापासून मागे, दिव्याच्या दिशेने सरकायचं. तालमीत नट नेमका उलटा चालतो. जवळ जायचं म्हणून पडद्याकडे येतो आणि सावली लहान होते. जमिनीवर खडूने ४ फूट आणि २ फूट अशा खुणा करून ठेवा.

दिवा जमिनीवर ठेवायचं कारण असं की त्यामुळे सावलीचे पाय पडद्याच्या खालच्या कडेलाच राहतात आणि वाढ सगळी वर जाते. कमरेच्या उंचीवर दिवा ठेवला तर सावली खालीही वाढते आणि पाय पडद्याबाहेर जातात. शिवाय पडद्याच्या खालच्या एक फुटावर काळं कापड लावलं की समोर बसलेल्या मुलांना दिव्याचा ठिपका दिसत नाही.

सर्वांत मोठी गफलत दिव्याच्या निवडीत होते. नेहमीचा ९ वॅटचा दुधी एलईडी बल्ब चालत नाही, पार लाइट तर मुळीच नाही. दिवा जितका रुंद तितकी सावलीची कड पुसट. वरच्या मापांत, माणूस २ फुटांवर असताना, कड दिव्याच्या रुंदीच्या तिप्पट फिसकटते. ६ सेंटिमीटरच्या बल्बने १८ सेंटिमीटर धूसर कड येते, तिथे बोटं ओळखूच येत नाहीत. पार लाइटमध्ये अनेक एलईडी असतात, त्यामुळे एका हाताच्या दहा-बारा फिकट सावल्या पडतात. एकच चिप असलेली टॉर्च आणा आणि पुढची काच व परावर्तक काढून उघडी चिप वापरा. ३-४ मिलिमीटरच्या चिपने कड सुरीसारखी धारदार येते. ४-५ फुटांच्या छोट्या पडद्याला मोबाइलचा फ्लॅशसुद्धा पुरतो.

आणि चेहरा कायम बाजूने. समोरून नाकाची सावलीच पडत नाही, मग ती कोणाचीही सावली वाटते. पुठ्ठ्याचं नाक आणि बोटांना ४-५ इंचांच्या पुठ्ठ्याच्या नख्या लावल्या तर मेकअप नसतानाही काम होतं.

रंगपेटी

प्रेक्षकांसमोर रूप बदलणं नक्की जमेल, आणि तुमच्याकडे रंग बदलणारे पार आहेत म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे.

यामागचं तत्त्व सोपं आहे. लाल उजेडात लाल रंग दिसत नाही, हिरव्या उजेडात तोच काळा दिसतो. म्हातारीच्या चेहऱ्यावर आधी फिका पॅनकेक, म्हणजे मेकअपचा खालचा थर, एकसारखा लावायचा. मग गालाचे खळगे, कपाळावरच्या आठ्या, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेघा, डोळ्यांभोवतीची वर्तुळं आणि ओठांवरच्या उभ्या सुरकुत्या लाल लिप-पेन्सिलने काढायच्या. पार लाइट फक्त लाल ठेवला की हे सगळं गायब होतं आणि गोड आजीबाई दिसते. मग ८ ते १० सेकंदांत लाल हळूहळू उतरवत हिरवा चढवायचा. कोणी चेहऱ्याला हात लावत नाही आणि समोर आजीचे गाल आत जातात, डोळे खोल होतात.

कुठे बिघडतं ते सांगते.

लाल निवडताना किंचित नारिंगीकडे झुकणारा घ्या. मरून किंवा जांभळट लाल नको, तो लाल उजेडातही गडद दिसतो आणि रहस्य आधीच फुटतं. मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण लाल चित्र लावा, अंधाऱ्या खोलीत तो उजेड पेन्सिलीच्या रेघेवर पाडा. रेघ दिसली नाही तर पेन्सिल योग्य. काजळ, आयलायनर आणि काळी पेन्सिल या चेहऱ्यावर वर्ज्य, काळा रंग दोन्ही उजेडांत दिसतो. कुंकू किंवा पिंजर वापरू नका, घामाबरोबर डोळ्यांत उतरते.

गडद वर्णाच्या त्वचेवर पॅनकेक न लावता रेघा काढल्या तर हिरव्या उजेडात फरक कमी जाणवतो, म्हणून फिका थर हवाच. तो मानेपर्यंत न्या.

सर्वांत महत्त्वाचं, त्या १० सेकंदांत दुसरा कुठलाही पांढरा उजेड स्टेजवर येता कामा नये. मंडपातल्या माळा, फोकस, कोपऱ्यातली ट्यूब, पुढच्या रांगेतल्या पालकांचे मोबाइल, यातलं एक जरी चालू राहिलं तर रेघा सुरुवातीपासून दिसतात. गणपतीसमोरची समई विझवायची नसते, म्हणून स्टेज मखराच्या समोरासमोर न ठेवता बाजूला घ्या किंवा मधे कनात लावा. सप्टेंबरच्या सुरुवातीला मुंबईकडे सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, त्यामुळे साडेसातच्या आधी पडदा उघडू नका.

हिरवा पार स्टेजच्या पुढच्या कडेला, जमिनीवर, वर तोंड करून ठेवा. आपण चेहरे नेहमी वरून पडणाऱ्या उजेडात पाहतो. उजेड खालून आला की नाकाची सावली कपाळाकडे जाते, भुवया वर उचलल्यासारख्या दिसतात आणि ओळखीचा चेहराही परका होतो. लाल पार मात्र नेहमीसारखा समोरून, उंचावरून. म्हणजे रंगाबरोबर उजेडाची दिशाही बदलते आणि परिणाम दुप्पट होतो.

नाक मात्र असं उजेडाने उगवत नाही. बदल होताना म्हातारीने पाठ फिरवून खोकल्याची उबळ काढायची आणि पदराआडून नाक चढवायचं, ३-४ सेकंद पुरतात. कागदाच्या लगद्याचं, इलॅस्टिक लावलेलं नाक सर्वांत सुरक्षित. मातीच्या साच्यावर आधी ओला कागद, मग खळ लावलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे ५-६ थर. खळ मैद्याची: १ वाटी मैदा, ४ वाट्या पाणी, घट्ट होईपर्यंत शिजवायची. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी आहे, चेहऱ्यावर बसणाऱ्या वस्तूत कदापि नको. भाद्रपदातल्या दमट हवेत सगळे थर एकदम दिले तर आतून बुरशी येते. दोन थर, मग पंख्याखाली पूर्ण वाळवणं, मग पुढचे दोन, असं करा आणि किमान ४ दिवस हातात ठेवा. लॅटेक्सचं नाक जास्त खरं दिसतं, पण काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास पाहिल्याशिवाय चेहऱ्यावर लावू नका आणि भुवयांपासून लांब ठेवा.

खडखडाट

आवाज आणि धूर.

ढगांचा गडगडाट मोबाइलवरून वाजवू नका, स्वस्त स्पीकरवर तो फरफर वाजतो. पत्र्याचा करा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा, ६ फूट बाय ३ फूट, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. वर आणि खाली लाकडी पट्टी ठोका, वरच्या पट्टीने टांगा, खालची धरून हलवा. हळू हलवला की लांबचा गडगडाट, झटका दिला की कडकडाट. जाड पत्रा नुसता खणखणतो. टांगल्यावर तो बांबूला किंवा भिंतीला टेकला तर आवाज मरतो. कडांना दोन पदरी चिकटपट्टी लावा, हात कापतात. माइक ३-४ फूट लांब.

विजेचा लखलखाट आणि गडगडाट एकाच वेळी करू नका. आवाजाला १ किलोमीटरला साधारण ३ सेकंद लागतात. पहिल्या वेळी वीज चमकल्यावर ४ सेकंदांनी गडगडाट, दुसऱ्या वेळी २ सेकंदांनी, तिसऱ्या वेळी दोन्ही एकदम आणि त्याच क्षणी सावली. काहीतरी जवळ येतंय हे मुलांना कोणी न सांगता कळतं. लखलखाट पांढऱ्या पारने एक-दोनदाच. स्ट्रोब, म्हणजे सतत लुकलुकणारा दिवा, लावून ठेवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा उजेड अपस्माराचा त्रास असलेल्यांना धोक्याचा असतो.

हसण्याला साउंडच्या मिक्सरवरचा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) द्या, पण फक्त हसण्याला. संवादात रिव्हर्ब राहिला की उघड्या मंडपात एक शब्द कळत नाही. एक छोटा स्पीकर मुलांच्या मागे ठेवा आणि त्यातून फक्त पावलं आणि कुजबुज सोडा, हळू आवाजात. मागून आलेला हळू आवाज पुढून आलेल्या मोठ्या आवाजापेक्षा जास्त काम करतो.

धुराबाबत स्पष्ट सांगतो. ड्राय आइस नको. तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताला लागला तर कातडी जाते, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तुमचं स्टेज ३ फुटांचं आणि मुलं खाली सतरंजीवर. तो वायू कडेवरून ओघळून थेट त्यांच्या नाकाच्या उंचीवर साठणार. दिसायला सुंदर असला तरी या मांडणीत तो बसत नाही. ४००-५०० वॅटचं छोटं फॉग मशीन भाड्याने आणा, सोबत त्याच कामासाठीचं पाण्यात बनवलेलं द्रव. दुसरं काहीही त्यात ओतायचं नाही. तापायला ३-५ मिनिटं लागतात, म्हणून प्रवेशाच्या दहा मिनिटं आधी चालू करा. तोंड तापलेलं असतं, कापडापासून २ फूट दूर. प्लग साउंडच्या बोर्डावर नको, हीटर चालू-बंद होताना स्पीकरमध्ये टकटक येते. वारा ज्या बाजूने येतो त्या विंगेत ठेवा आणि चेटकीण यायच्या २० सेकंद आधी ३-४ सेकंदांचा एकच झोत सोडा. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना मागे बसवा.

कोणीतरी राळ उडवायची सूचना करेलच. मशालीवर राळेची पूड टाकून भडका उडवत राक्षस आणायचा ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केलं, त्या वळणाच्या नाटकांत राक्षसांचे 'अललऽ डुर्र' आणि राळेचे भडके ठरलेले असत. बालनाट्यातला आरडाओरडा करत येणारा राक्षस त्याच घराण्यातला आहे. पण कापडी मंडपात उघडी आग नको. नारिंगी पार अर्धा सेकंद पूर्ण क्षमतेने, त्याच वेळी धुराचा झोत आणि पत्र्याला एक झटका. पुरेसा भडका होतो.

पहिली_रांग

किती घाबरवायचं, यावर.

साधारण पाच वर्षांच्या आतली मुलं दिसण्याला घाबरतात. ती पात्र चांगलं की वाईट हे चेहऱ्यावरून ठरवतात, आणि समोरचं माणूस बदलून दुसरंच झालं हे त्यांना सर्वांत जड जातं. मोठी मुलं काय घडू शकेल याला घाबरतात. म्हणजे रंगपेटी यांनी सांगितलेला बदल आठ वर्षांच्या मुलासाठी नाटकाचा कळस आहे, तर तीन वर्षांच्या मुलासाठी कदाचित रडू. म्हणून पाचच्या आतल्यांना पालकांच्या मांडीवर, कडेच्या बाजूला आणि बाहेर पडायच्या वाटेजवळ बसवा. पुढची मधली रांग सहा वर्षांच्या पुढच्यांना. पूर्ण काळोख एका वेळी ३-४ सेकंदांपेक्षा लांबवू नका. त्या वेळात मुलं गप्प राहतात, त्यानंतर ओरडायला लागतात आणि पकड सुटते.

१९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं आणि पुढे रत्नाकर मतकरींनी 'बालनाट्य' संस्था काढली. त्या परंपरेत चेटकीण भीतीदायक असते आणि विनोदीही असते. दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण आठवा. भीती आणि हसू आलटून पालटून येतात म्हणून मुलं भीती सोसतात आणि आणखी मागतात. तुमच्या चाळीस मिनिटांत खरे भीतीचे प्रसंग तीनच ठेवा: सावली, रूप बदलणं आणि शेवटची झटापट. प्रत्येकानंतर लगेच चेटकिणीची फजिती दिसली पाहिजे. झाडू अडकणं, मंत्र विसरणं, काहीही. आणि शेवटी ती हरलेली स्पष्ट दिसली पाहिजे, 'पुन्हा येईन' असं धमकावत विंगेत पळून जाणं लहान मुलांच्या प्रयोगात नको.

नाटक संपल्यावर चेटकिणीने सगळ्यांसमोर नाक काढून दाखवावं असं माझं मत.

काळापडदा

शेवटचं सोडून सगळं मान्य. स्टेजवर नाक काढू नये. दहा वर्षांच्या मुलाने ती भीती घरी न्यायला हवी, रात्री भावंडांशी त्यावर बोलायला हवं. जुन्या नाटकांची चव त्यातच होती. ज्यांना फार भीती वाटली असेल त्यांना नंतर मेकअपच्या टेबलाजवळ आणून नाक हातात द्या. ज्यांना नको असेल त्यांच्यावर ते लादू नका.

पहिली_रांग

ते चालेल, फक्त टेबल कुठे आहे हे नाटक सुरू व्हायच्या आधी पालकांना सांगा. नंतर सांगितलं तर रडणारी मुलं घरी निघून गेलेली असतात. आणि नाटकाआधी सूत्रधाराने मुलांना एक काम द्यावं: चेटकीण आली की सगळ्यांनी मिळून अमुक शब्द ओरडायचा, मग ती दोन पावलं मागे जाते. भीतीच्या क्षणी करायला काही असलं की लहान मूल बरंच तगून राहतं. तो शब्द तीन अक्षरांपेक्षा मोठा नको.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीत एलईडी वॉलचा विषय आता निघणार नाही. दोन शंका राहिल्या. कवटी किंवा झाडू हवेत तरंगताना दाखवता येईल का? आणि संहिता जुनीच घ्यावी असं काहींना वाटतं, ते कसं?

रंगपेटी

तरंगवण्यासाठी ब्लॅकलाइट प्रकारच्या अल्ट्राव्हायलेट ट्यूब (जंतुनाशक नव्हेत) लागतात, १८ किंवा ३६ वॅटच्या दोन, स्टेजच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांच्या बाजूने आडोसा लावून. मागे काळं मखमली कापड. काळं सॅटिन चमकतं, ते नको. वस्तू धरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण काळे कपडे, हातमोजे, चेहऱ्यावर काळा जाळीदार फडका. पांढरी वस्तू चमकवायला महागडा फ्लोरोसंट रंग हवाच असं नाही. रानीपालसारखी सफेदी घातलेल्या पाण्यात पांढरं सुती कापड बुडवून वाळवा, ते या उजेडात निळसर पांढरं पेटतं. ते कवटीच्या साच्यावर किंवा झाडूच्या दांड्यावर गुंडाळा.

यातही त्याच कारणाने गडबड होते. बहुतेक धुण्याच्या पावडरींत तशीच सफेदी असते, त्यामुळे धारकाचे काळे कपडे पावडरने धुतले तर तेही अंधारात धूसर दिसतात. साध्या पाण्यात धुवा आणि प्रयोगाआधी चिकटपट्टीने त्यांवरचे पांढरे धागे काढा. वस्तू धारकाच्या शरीरासमोरून जाऊ शकते, पण धारकाचा हात वस्तूसमोर आला की तेवढा तुकडा गायब होतो आणि युक्ती कळते. म्हणून दांडा नेहमी मागून धरा. हा प्रसंग दीड मिनिटापेक्षा लांबवू नका, डोळे काळोखाला सरावले की धारक दिसायला लागतो.

खडखडाट

संहितेबद्दल: छापील बालनाट्य घेत असाल तर तिकीट नसलं तरी लेखकाची किंवा वारसांची प्रयोगाची परवानगी आधी घ्या, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर कोणाकडे विचारायचं ते बहुधा दिलेलं असतं. वेळ नसेल तर लोककथा घेऊन स्वतः लिहा. अशा नाटकाला ३५ मिनिटांसाठी टंकलेली १४-१५ पानं पुरतात, कारण सावली, गडगडाट आणि रूप बदलणं यांतच ७-८ मिनिटं बिनशब्दांची जातात. आणि लाउडस्पीकरची वेळ १० पर्यंतच धरून चला. साडेसातला सुरुवात, सव्वाआठला संपलं, तर मेकअपच्या टेबलाला अर्धा तास मिळतो. लाइटवाल्यासोबत एक तालीम आदल्या दिवशी त्याच वेळेला, म्हणजे अंधार पडल्यावरच घ्या. दुपारी घेतलेल्या तालमीत लाल-हिरव्याचं काहीच कळत नाही.